त्रेचाळीस उंबरे, एक स्क्रू

मित्सुए कुरोइवा सूड उगवेल असं कामेझाकी बंदरात कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शिलाई मशिनं दुरुस्त करून पोट भरणारी एकटी बाई. वडील जहाजावर रेडिओ सांभाळायचे, त्यांच्याकडून तिला तो एकच नाद लागला. रीतसर परवाना काढून ती रोज सकाळी तासभर दूरदूरच्या हौशी लोकांशी गप्पा मारायची. हवापाणी, बागेतला मुळा, असलंच काहीतरी.

नव्याण्णवच्या जानेवारीत इसाजीची होडी खडकावर आपटली. त्याने होड्यांच्या चॅनेलवर मदतीची हाक मारली. मच्छीमार संस्थेच्या खोलीत ती पोचलीही, पण तिच्यावर दुसराच आवाज चढला होता: मित्सुएचा. "इकडे थंडी फार आहे हो," असं ती कुणाला तरी सांगत होती. इसाजी पाच तास होडीखाली अडकून पडला. जीव वाचला, उजवा पाय गेला.

संस्थेचे अध्यक्ष उशिरोदा यांनी सभा बोलावली आणि खोलीत रेडिओवरचं सगळं बोलणं टेप व्हायचं, ती त्या दिवशीची कॅसेट सगळ्यांसमोर वाजवली. मित्सुए म्हणाली, "आवाज माझाच आहे. पण मी मला नेमून दिलेल्या लहरींच्या पट्ट्यातच बोलत होते. तुमच्या खोलीतला रेडिओ सेट एकदा तपासा."

उशिरोदा म्हणाले, "सेट कारखान्यातून आला तसाच आहे. कुणी बोटही लावलेलं नाही."

ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. नववर्षाच्या दिवशी माझ्याच तोफूच्या दुकानात साकेचे दोन पेले पोटात गेल्यावर त्यांनी फुशारकी मारली होती, "कारखानावाल्यांना काय कळतंय, किनुयो! लाल रंग लावलेला स्क्रू होता आत, दिला फिरवून. आता कसा दणकून ऐकू येतो!" सभेत मी तोंड उघडलं नाही. रोजचे साठ तोफू संस्थेच्या खानावळीत जायचे माझे.

मित्सुएने अँटेना उतरवली, परवाना परत केला. अध्यक्षांच्या हुकमावरून ती त्रेचाळीस घरी योकानच्या गोड वड्यांचं एकेक खोकं घेऊन गेली आणि प्रत्येक उंबऱ्यावर वाकली. इसाजीकडे तर तिने कपाळ जमिनीला टेकलं. उशिरोदांनी दारच उघडलं नाही. त्यांच्या पायरीवर ते खोकं तीन दिवस पडून होतं, शेवटी कावळ्यांनी फाडलं. माझ्या वाट्याचं खोकं मी घेतलं आणि खाल्लंही. वड्या चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू!

मग तिच्याकडे कोणी मशीन देईना. एकोणीस वर्षं ती बसने शेजारच्या गावी जाऊन लॉजच्या खोल्या झाडत राहिली. सेट उशिरोदांनी त्याच आठवड्यात भंगारात घातला होता. चूक आपलीच, असं हळूहळू तिलाही वाटायला लागलं होतं.

अडुसष्टाव्या वर्षी ती ग्रंथालयात कॉम्प्युटर शिकायला लागली. तिथे तिला कळलं, की हल्ली लोक कॉम्प्युटरमध्ये नुसत्या आकड्यांचाच रेडिओ बांधतात, तारा नाहीत की डाख नाहीत. शहरातल्या एका जुन्या रेडिओ दुकानदाराकडून तिने संस्थेच्या त्या सेटच्या जोडणीचा नकाशा मिळवला आणि तीन वर्षं खपून तो अख्खा सेट कॉम्प्युटरमध्ये उभा केला.

एका दुपारी तिने मला घरी बोलावलं. "बस, किनुयो. हा सेट काट्यावरच्या एका जागेचा आवाज ऐकतो ना, तेव्हा दुसऱ्या एका जागेचाही आत शिरतो. आरशातला म्हण. होड्यांची जागा आणि माझी जागा अगदी तशाच समोरासमोर होत्या."

"म्हणजे सेटच वाईट?"

"सेट उत्तम! आत दोन वाटा आहेत. दोन्ही तंतोतंत सारख्या असल्या, की शेवटी खऱ्या आवाजाची बेरीज होते आणि आरशातल्याची वजाबाकी. त्या सारख्या ठेवायला एकच स्क्रू." तिने पडद्यावरची खूण सरकवली. "हा जागेवर असला, तर माझा आवाज कुजबुजीइतकाही येत नाही. सभेत कॅसेटवर ऐकला तेवढा यायला तो दोन पूर्ण वेढे फिरावा लागतो. आपोआप नाही फिरत तो. कुणीतरी फिरवला."

मी सगळं सांगून टाकलं.

तिने कॉम्प्युटर मिटला. "बावीस वर्षं?"

"अगं, मला काय कळतंय त्यातलं!"

"'बोटही लावलेलं नाही' हे खोटं, एवढं तर कळत होतं."

ती कॉम्प्युटर पिशवीत भरत म्हणाली, "चल. त्याला आता मी सोडत नाही."

उशिरोदा रोज दुपारी इसाजीकडे शोगी खेळायला जायचे. पाय गेलेल्या माणसाची सोबत करतात म्हणून गावभर त्यांचं कौतुक होतं. मित्सुएने पटावरच्या सोंगट्या हाताने बाजूला सारल्या आणि कॉम्प्युटर मांडला.

"हे काय नवीन थेर?" उशिरोदा म्हणाले.

"ऐका." इसाजी सगळ्यांना सांगायचा ते त्याचे त्या दिवशीचे शब्द तिने स्वतःच्या आवाजात भरून ठेवले होते. स्क्रू जागेवर होता तेव्हा खोलीत स्वच्छ ऐकू आलं: "इंजिन बंद पडलंय, खडकाकडे चाललोय, कोणी आहे का?" तिने दोन वेढे फिरवले. त्या हाकेवर तिचं "इकडे थंडी फार आहे हो" चढलं.

इसाजी पुढे सरकला. "पुन्हा लाव," तो म्हणाला. तिने तीनदा लावलं. मग तिने माझ्याकडे बोट केलं. "किनुयो, सांग. स्क्रू कुणी फिरवला?"

मी सांगितलं. दुकानातले शब्द जसेच्या तसे.

"जुनी गोष्ट आहे," उशिरोदा म्हणाले. "आणि दारूत माणूस काहीही..."

"साहेब," इसाजी म्हणाला, "तुम्ही फिरवलात का?"

उशिरोदा पटावरून घरंगळलेल्या सोंगट्या वेचायला लागले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस जमिनीवर वाकला होता. मला दया आली नाही.

इसाजीने कुबडीने त्यांच्या हातातली सोंगटी उडवली. "ऊठ! माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकशील ते खोकं घेऊनच."

"खोकं एक नाही," मित्सुए म्हणाली. "त्रेचाळीस. चालत जायचं. प्रत्येक दारात स्क्रूचं सांगायचं, तुमच्या तोंडाने. माझं दार शेवटी."

पाच दिवस लागले उशिरोदांना. त्यांची सून खोक्यांची गाडी ओढत मागून चालायची. लोक दारात उभे राहून ऐकायचे आणि खोकं घ्यायचे. हेच लोक तेव्हाही असेच उभे राहिले होते. मित्सुए रोज आपल्या खिडकीतून मोजत होती आणि तिला बरं वाटत होतं. तसं तिने मला तोंडावर सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी ते तिच्या दारात आले आणि कपाळ पायरीला टेकून वाकले. दार उघडलं नाही. अर्ध्या तासाने सुनेने त्यांना दंडाला धरून उठवलं. खोकं पायरीवरच राहिलं.

ते गेल्यावर मी माझं खोकं घेऊन गेले. मीही वाकले. "मित्सुए, मी आहे गं, किनुयो."

आतून तिच्या पायांचा आवाज दारापर्यंत आला, थांबला आणि परत गेला.

तीन दिवसांनी कावळ्यांनी दोन्ही खोकी फाडली.