तात्या बोललेच नव्हते

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अमावास्येला घरावरून नारळ उतरवणाऱ्यांना मी तोंडावर हसलेली आहे. उरणला एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात मी डेटा एंट्री करते, दिवसभर नंबर पडताळते... हे लिहितेय, कारण हे पडताळून पडताळून मी थकले.

माझे वडील, तात्या, मिठागरात कामाला होते. ते बंद पडल्यावर भातशेती. मग खाडीच्या तोंडाशी बंदरासाठी भराव पडला आणि भरतीचं खारं पाणी शेतात शिरायला लागलं. तात्यांनी घरोघरी फिरून भरावाविरुद्धच्या अर्जावर सह्या घेतल्या. बस, एवढंच केलं त्यांनी.

शाळेच्या मैदानात मांडव घालून जनसुनावणी झाली. सकाळी अकराची वेळ. मी रजा टाकून तात्यांच्या शेजारी बसले होते. अर्ज वाचून झाला तसे स्टेजवरचे एक मोठे साहेब माइकवर म्हणाले, "यामागे कोण आहे, आम्हाला माहितीये. हे कम्युनिस्टांशी संबंध असलेले लोक आहेत. नावं आहेत आमच्याकडे." आणि बोट सरळ तात्यांकडे.

तात्या उठायला लागले. मी हात धरून त्यांना खाली ओढलं. "तात्या, बसा. माझी नोकरी जाईल."

ते बसले. सुनावणी संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही.

पोलीस दोनदा चौकशीला येऊन गेले. सह्या केलेली माणसं तात्यांना बघून रस्ता बदलायला लागली. भजनी मंडळाने निरोप धाडला — थोडे दिवस येऊ नका. चौथ्या महिन्यात, दुपारी जेवून ओट्यावर बसल्या बसल्या तात्या गेले.

पंधरा-वीस दिवसांनी शेजारच्या सुनंदावहिनी आल्या. सुनावणीत बायकांच्या रांगेतून त्यांनी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. नंतर फोन फुटला, ते बघायचं राहूनच गेलं. आता कार्ड नव्या फोनमध्ये घातलं होतं.

"तात्यांचा बोलना हाय त्यान," त्या म्हणाल्या. "तुला पायजे असल म्हून आनला."

"वहिनी, तात्या बोललेच नव्हते."

"आईक तरी."

ओट्यावर बसून पाहिलं. साहेबांचं बोट दिसतं. तात्या अर्धे उठलेले, मी ओढते, ते बसतात. मान खाली, तोंड मिटलेलं — अगदी स्पष्ट दिसतं. आणि त्याच वेळी तात्यांचा आवाज येतो. सावकाश, घरात बोलायचे तसा.

"साहेब, मना कम्युनिस्ट म्हंजे काय ता नाय म्हाईत. आमचे शेतान खारा पानी येतंय, येवराच सांगाला आलोय. मी कोनाचा मानूस नाय. या गावाचा हाय."

थोडं थांबून, हळू — "हात सोर बाय... झाला माजा बोलून."

व्हिडिओत मी हात धरूनच बसलेय. साहेब पुढचा कागद उचलतात. एकही मान मागे वळत नाही.

माझा आतेभाऊ लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. त्याने कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. "कुठं जोडलेला नाय ग," म्हणाला. "मागून कोनतरी तात्यांसारखा बोलला असल." असेल. पण मला बाय म्हणणारं त्या मांडवात दुसरं कोण होतं?

सह्या केलेल्यांच्या घरी जाऊन मी ते ऐकवलं. काही जण रडले. भजनी मंडळातले एक जण पायरीवर बसले आणि म्हणाले, परत लाव. आता गावात सगळे म्हणतात, "त्या दिशी तात्या बोलला व्हता." मी दुरुस्त करत नाही.

हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही. कुणाला यातलं कळत असेल तर कळवा.

त्या चार महिन्यांत मी तात्यांना एकदाही म्हटलं नाही, की माझं चुकलं. आता तो व्हिडिओ लावते आणि म्हणते. पण तोवर त्यांचं बोलणं संपलेलं असतं... नुसती मांडवातल्या पंख्याची घरघर ऐकू येते.