सही माझी नव्हती

क्षमा वगैरे थोरामोठ्यांची कामं. मला कुणी दुखावलं की मी ते नीट लक्षात ठेवते आणि वेळ आली की व्याजासकट परत करते. देवळाली कॅम्पात पंचवीस वर्षं जवानांच्या वर्द्या शिवून मी दोन खोल्यांचं घर घेतलं, माझ्या एकटीच्या नावावर. ते आजही माझ्याच नावावर आहे, हे आधीच सांगते. उगाच कुणाच्या जिवाला घोर नको.

त्या घराच्या दारावर एका सकाळी फायनान्स कंपनीच्या माणसाने नोटीस चिकटवली. कर्ज थकलंय, साठ दिवसांत भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊन लिलाव करू. कर्जदार होता माझा धाकटा दीर, ज्याच्या नाशिकच्या द्वारका चौकातून मालवाहू गाड्या चालायच्या. तारण माझं घर, आणि जामीनदार मी. मला यातलं काडीचं ठाऊक नव्हतं.

दीर संध्याकाळी पेढे घेऊन आला. "वहिनी, कंपनीचा घोळ आहे. माझ्या ओळखीचा वकील बघेल सगळं, तुम्ही फक्त सह्या करा." त्या वकिलाने नोटीस न वाचताच सांगितलं, भांडू नका, घर विकून मोकळे व्हा. नवऱ्याने मान डोलावली. मी उठून चालू लागले.

माझी वकील मी माझ्या दुकानात शोधली. मालेगावच्या विणकर घरातल्या त्या बाई नाशिकच्या कोर्टात वकिली करायच्या, त्यांच्या काळ्या कोटाच्या बाह्या मीच आखूड केल्या होत्या. कोट न्यायला आल्या तेव्हा मी नोटीस पुढे केली.

"ताई, आधी कंपनीकडून फाइल मागवू," त्या म्हणाल्या. "रडायचं नंतर."

"मी रडत नाहीये. मला दिराला रस्त्यावर आणायचंय."

"ते माझ्या फीमध्ये बसत नाही. घर वाचवणं बसतं."

फाइल आली. फॉर्मवर माझा फोटो होता, दिराच्याच लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला. माझ्या खांद्यावर सासूबाईंची दोन बोटंसुद्धा शिल्लक होती. खाली माझ्या नावाची सुबक सही, जावेच्या अक्षरात, आणि त्यावर कंपनीच्या साहेबाचा शिक्का, 'ही सही माझ्यासमोर झाली.' मग मी तारीख पाहिली. त्या दिवशी सायखेड्याला माझ्या आईचा दहावा होता. दीर आणि जाऊ सकाळी आले होते आणि द्वारकेला गाडी अडकलीय म्हणून न जेवताच निघाले होते. मी गोदावरीच्या काठावर कावळा शिवायची वाट बघत उभी होते, तेव्हा ही दोघं कंपनीत बसून माझं घर गहाण टाकत होती. मला भयंकर संताप आला. दोघांनाही खडी फोडायला पाठवायचं, हे मी तिथेच ठरवलं.

ताबा थांबवण्याचा अर्ज आणि पोलिसांतली तक्रार, दोन्ही एकदमच करायचं ठरलं. त्यासाठी आम्ही नवराबायको वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो.

"भाऊ आहे माझा," नवरा म्हणाला. "घरातलं घरात मिटवू."

"घरच गेलं तर कुठल्या घरात मिटवणार?"

वकीलबाईंनी दिराचं नाव लिहिलं, जावेचं लिहिलं आणि पेन थांबवलं. "ताई, कंपनीकडे घराचे मूळ कागद आहेत, झेरॉक्स नाहीत. ते कुठे असायचे?"

"लोखंडी कपाटात. कुलपात."

"चावी?"

"एक माझ्या कमरेला," मी म्हणाले, आणि मान वळवली. दुसरी चावी ज्यांच्याकडे होती ते शेजारच्या खुर्चीवर बसून पंख्याकडे बघत होते.

"पाया पडला गं तो," नवरा म्हणाला. "सहा महिन्यांत सोडवतो म्हणाला."

म्हणजे दहाव्याला माझ्या शेजारी उभं राहून यांनी आईच्या पिंडाला हात जोडले, तेव्हा यांना सगळं माहीत होतं. दिरावरचा राग त्यापुढे मला पोरकट वाटला.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "उद्या या, ताई. हे नाव एकदा तक्रारीत गेलं की मागे घेणं सोपं नाही."

"उद्या कशाला? लिहा."

"पूर्ण नाव सांगा."

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. नंतर रेशनच्या दुकानात असो की दवाखान्यात, मी "हे सांगतील" म्हणायचे आणि हे पुढे होऊन सांगायचे. त्या दिवशीही ते सवयीने पुढे सरकले, स्वतःचं नाव सांगायला.

"थांबा," मी म्हणाले, "मी सांगते." आणि त्यांचं, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव मी सावकाश, एकेक करून सांगितलं, वकीलबाईंना लिहून घेता येईल असं.