कोर्टाची तारीख: ड्युटी की रजा?

ऑफिसात आस्थापनेचं टेबल सांभाळणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमा होतात. लोक अर्ज घेऊन येतात, समोरच्या खुर्चीत टेकतात आणि अर्जात जे लिहिलेलं नाही ते सगळं सांगून मोकळे होतात! मुखेडच्या आमच्या सरकारी ऑफिसात हे टेबल चौदा वर्षं माझ्याकडे आहे. रजा, हजेरी, सर्व्हिस बुक, सगळं. त्यातले निम्मे किस्से एकट्या कोर्टाचे निघतील.

नियम साधा आहे. सरकारतर्फे किंवा ऑफिसच्या कामासंबंधी साक्षीला बोलावलं की तो दिवस ड्युटीत धरायचा. फक्त कोर्टातून हजेरीची चिठ्ठी आणायची. आणि स्वतःच्या केससाठी गेलात तर रजा टाकायची. आता एवढ्या साध्या नियमातही काय काय घडतं, ते ऐका.

*

आमचे शिपाई गणपतराव. पोलिसांना धाडीच्या वेळी पंच म्हणून सरकारी माणूस लागतो. साहेब दरवेळी गणपतरावांनाच पाठवायचे, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. मग कित्येक वर्षांनी ती केस उभी राहते आणि गणपतरावांना समन्स येतं.

एकदा असेच नांदेडच्या कोर्टातून परत आले, एकदम खुशीत.

"झाली का साक्ष?" मी विचारलं.

"कशाची साक्ष, मॅडम! वकील आले न्हाईत, आरोपी आला न्हाई, जजसाहेब रजेवर. आख्ख्या कोर्टात मी एकटाच टायमावर हजर होतो!"

चिठ्ठी मात्र आठवणीनं आणली होती.

*

त्याच केसची साक्ष शेवटी झाली. धाड पडून आठ वर्षं उलटली होती. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "जप्त केलेल्या पिशवीचा रंग कोणता होता?"

गणपतराव म्हणाले, "पिशवी तुमच्या कोर्टातच जमा हाय न्हवं? काढून बघा की!"

कोर्टात सगळे हसले म्हणे. आमच्या ऑफिसातही आठवडाभर तेच चाललं होतं. पण चिठ्ठी द्यायला आले तेव्हा गणपतराव म्हणाले, "मॅडम, त्या आरोपीचे केस पार पिकलेत. मला वळखूच आला न्हाई. खरं बोलायचं म्हणून गेलो, पर खरं काय ते ध्यानात तर राहाया पायजे."

मी चिठ्ठी फायलीला लावली.

*

विठ्ठल आणि माधव, सख्खे भाऊ, दोघंही आमच्याकडेच. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांची एकमेकांवर केस. तारखेच्या दिवशी एकाच मोटारसायकलवरून कोर्टात जायचे, डबाही एकच असायचा. एकदा तर रजेचा अर्जही दोघांनी मिळून एकच दिला, खाली दोन सह्या!

साहेब म्हणाले, "अरे, एका कागदावर सह्या करता, मग कोर्टात कशाला जाता?"

माधव, म्हणजे धाकटा, म्हणाला, "त्ये वायलं हाय, साहेब. ह्यो अर्ज दादाचं अक्षर चांगलं म्हणून त्यानं लिवलाय."

*

हेच साहेब आधी फार कडक होते. कोर्टाची चिठ्ठी बघितली की कपाळाला आठ्या. "दिवसभर बाकावर बसून यायचं आणि म्हणे ड्युटी!" असं सगळ्यांसमोर म्हणायचे.

मग त्यांना स्वतःला समन्स आलं. सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत बाकावर. ना नावाचा पुकारा, ना चहा. पुढची तारीख घेऊन आले. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून मला म्हणाले, "मॅडम, कोर्टातून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उशीर झाला तर लेटमार्क टाकू नका."

*

सुरेखा आमच्याकडे शिपाई म्हणून लागली तेव्हा तिची पोरगी पाच वर्षांची होती. नवरा लातूरला. तो वेगळा राहतो, आणि पोरगी आपल्याला मिळावी म्हणून त्यानं तिथल्या कोर्टात केस टाकलेली. महिन्यात दोन-दोन, कधी तीन-तीन तारखा. आधी तिच्या किरकोळ रजा संपल्या, मग अर्जित रजेला हात लागला. कधी कधी तारखेच्या आदल्या दिवशी ती नुसतीच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची.

एकदा म्हणाली, "मॅडम, लातुरात एखादी धाड घाला म्हणावं पोलिसांना. मी पंच व्हते. तेवढीच एक तारीख ड्युटीत जाईल!"

मी हसले. तीही हसली. पण पोरगी जाईल या भीतीनं ती रात्ररात्र झोपत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

*

आणि मग समन्स आलं ते माझ्या नावानं, लातूरच्या कोर्टातून. सुरेखाच्या नवऱ्याच्या वकिलानं तिच्या रजेचं रेकॉर्ड मागवलं होतं. ते घेऊन मी हजर राहायचं होतं. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या फायलीला लावल्या, आता माझी चिठ्ठी लागणार! फाईल घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले.

शपथ झाली. वकिलानं विचारलं, "या बाईंनी दीड वर्षात किती रजा घेतल्या?"

"बेचाळीस."

"त्यातल्या मुलीच्या आजारपणासाठी, शाळेसाठी, मुलीच्या कुठल्याही कारणासाठी किती? रेकॉर्ड बघून सांगा."

बघायची गरज नव्हती. बेचाळीस रजांना कारणाच्या रकान्यात एकच नोंद होती, 'कोर्ट तारीख'.

"एकही नाही," मी म्हणाले. शपथेवर दुसरं काय सांगणार?

वकील जजसाहेबांकडे वळले. "आईला दीड वर्षात मुलीसाठी एक दिवस काढता आला नाही. माझं एवढंच म्हणणं आहे."

सुरेखा समोरच्या बाकावर होती. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी जजसाहेबांना म्हणाले, "साहेब, पहिला अर्ज एकदा बघता का?"

वकिलांनी लगेच हरकत घेतली. जजसाहेबांनी फायलीसाठी हात पुढे केला.

मी पान काढून दिलं. सुरेखाचं मोठं, गोल अक्षर. रजेचं कारण: 'मुलीसाठी'. त्यावर लाल पेनानं आडवी रेघ आणि बाजूला शेरा: 'मोघम लिहू नये. कोर्ट तारीख असे लिहावे.'

जजसाहेबांनी तो शेरा वाचला. मग दुसरा अर्ज बघितला, तिसरा बघितला आणि पुन्हा पहिल्यावर आले.

"हा शेरा कुणाचा?"

"माझा, साहेब."