एल्बेकाठची कुस्ती

मी त्या माणसावर जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना मला उगाच कुणी मोठ्या मनाचा समजायला नको.

तो माझ्या मुलीच्या मैत्रिणीचा बाप. मंगोलियन. त्याचे वडील पूर्व जर्मनीच्या काळात इथे शिकायला आले आणि राहिले, त्यामुळे याचा जन्म ड्रेस्डेनचाच. ट्राम चालवतो. अंगाने पिंप, मान जवळजवळ नाहीच. माझी चौदा वर्षांची पोर त्यांच्या घरी गेली की तीन-तीन तास परत येत नसे, आणि आली की जेवताना त्याचंच पुराण सुरू. मंगोलियात घोड्यांना नावं नसतात, रंगावरून हाक मारतात, हे त्याने सांगितलं. धनुष्य कसं धरायचं, ते त्याने दाखवलं. सगळं जर्मनमध्ये, वर चार मंगोलियन शब्दांची फोडणी. मराठी तिला समजते सगळी. बोलायची वेळ आली की दातखीळ बसते.

सांगण्यासारखं माझ्याकडेही होतं की. इंजिनिअरिंगला जाईपर्यंत मी कोल्हापूरच्या तालमीत पाच वर्षं काढली आहेत. खोऱ्याने हौद्यातली माती उकरली आहे, जोर मारले आहेत, वस्तादांचे फटके खाल्ले आहेत, माझ्या दीडपट पोरांना आसमान दाखवलं आहे. आता मी एका चिप कारखान्यात व्हॅक्यूम पंप सांभाळतो, पण एकेकाळी माझा एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय उचलून पाडायचा डाव, बघायला शेजारच्या तालमीतली पोरं यायची. हे मी सांगायला लागलो की मुलगी "या या, गेनाऊ", म्हणजे हो हो, बरोबर, असं करत मोबाईल उचलायची. तीच पोर त्या ट्रामवाल्यासमोर हनुवटी तळहातावर टेकवून बसते, असं बायकोकडून कळलं तेव्हा मी ताट अर्धं टाकून उठलो. तिने एकदा, एकदाच, माझ्याकडे तसं बघावं, एवढंच मला हवं होतं.

जुलैत त्या मंडळींचा नादाम होता. नादाम म्हणजे त्यांचा मोठा सण: कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांची शर्यत. शहराबाहेर एल्बेच्या काठावर घोड्यांच्या एका तबेल्याने आपलं कुरण दिलं होतं. आम्हाला आमंत्रण होतं. मी म्हटलं, मला काम आहे. बायको म्हणाली, "अहो, शनिवारी कसलं काम? चला गुपचूप."

गेलो. कुरणावर दोन पांढरे गोल तंबू, कढईत तळले जाणारे खुशूर, म्हणजे आत मटणाचा खिमा भरलेल्या चपट्या करंज्याच, आणि मीठ घातलेला दुधाचा चहा. तो चहा मी एक घोट घेतला आणि कप हळूच गवतात ठेवला. माझ्या मुलीने दोन कप प्यायले. घरी दुधावर साय आली तर जिला उलटी येते, तिने.

तो निळा रेशमी झगा घालून आला. मला म्हणाला, "तुमची मुलगी फार धीट आहे हं." माझ्याच मुलीबद्दल मला माहिती देत होता.

तिरंदाजी चालू होती. लक्ष्य म्हणजे लांब जमिनीवर रचलेली चामड्याची नळकांडी, आणि त्याच्या अगदी शेजारी पंच उभे. बाण लागला की ते दोन्ही हात वर करून गात. माझी मुलगीही इकडून हात वर करून त्यांच्याबरोबर गात होती, आणि सूर बरोबर लागत होता. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीला ही नुसते ओठ हलवते.

मग शर्यत. त्यांच्यात घोडे मुलंच पळवतात. इथे जर्मन शिस्त, त्यामुळे आठ तट्टं, आठ हेल्मेटं, आणि कुरणाला एक फेरी. तिसऱ्या हेल्मेटखालून आलेली वेणी मला ओळखीची वाटली. सकाळी माझ्या बायकोने घातलेली वेणी होती ती.

"हिला घोड्यावर बसता येतं?" मी बायकोला विचारलं.

"एप्रिलपासून शिकतेय ती. दर शनिवारी तिच्या मैत्रिणीचे बाबा दोघी मुलींना घेऊन येतात."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"अहो, फॉर्मवर सही मागायला आले होते मी. तुम्ही कॉलवर होतात, हातानेच 'जा' म्हणालात. मग मीच केली."

ती पाचवी आली. पहिल्या पाचांचा मान असतो म्हणे. तट्टावरून उतरली ती तडक त्याच्याकडे गेली. त्याने तट्टाच्या मानेवरचा घाम बोटावर घेतला आणि तिच्या कपाळाला लावला. शुभ असतं ते. घरी गंध लावायला गेलं की मान फिरवणारी माझी पोर कपाळ पुढे करून उभी होती. माझं डोकं फिरलं ते तिथे. वाईट नाही वाटलं, डोकंच फिरलं.

त्यानंतर कुस्त्या. मोठ्या जोड्या संपल्यावर त्यांनी गमतीने विचारलं, पाहुण्यांपैकी कुणी उतरतंय का? मी बूट काढायला लागलो. बायकोने "अहो, कंबर!" म्हटलं. मी ऐकलं नाही. समोर कोण, तर तोच. मी खुणेनेच त्याला मागून घेतला होता.

त्यांनी मला बाह्यांचं एक लाल जाकीट दिलं. त्याला पुढून कापडच नसतं, छाती उघडी. म्हणजे माझं पोट अख्ख्या मंगोलियासमोर. पण मला त्या क्षणी लाज नव्हती. मुलगी धावत आली. "बाबा, वार्टे माल! डु मुस्ट..."

"थांबायचं-बिंबायचं काही नाही," मी म्हटलं. "तू फक्त बघ."

मी शड्डू ठोकला. लोकांना आवडलं, कारण मांड्यांवर थाप तेही मारतात. खडाखडी सुरू झाली. तो आडदांड होता, पण डावा पाय पुढे ठेवायची त्याला सवय होती. पंचवीस वर्षं पंपांचे बेअरिंग तपासण्यात गेली, तरी अंग विसरलं नव्हतं. मी खाली बसलो, उजवा गुडघा गवतात रोवला, त्याचा पाय बगलेत घेतला आणि उचलला. पट काढला! ते पिंप धाडकन पाठीवर. दोन्ही खांदे जमिनीला. चितपट!

मी हात वर करून गोल फिरलो आणि मुलीला शोधलं. ती दिसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मला वाटलं, कौतुकाने.

लोक हसत होते. पंचाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. विजारीवर गवताचा हिरवा डाग होता. त्यांच्या कुस्तीत गुडघा किंवा कोपर ज्याचं आधी टेकेल तो हरला. पाठ-बीठ नंतर. मी पट काढायच्या आधीच हरलो होतो. आमच्या तालमीतल्या कुठल्याही पोराने असाच गुडघा टेकला असता.

"पण पाठ लागलीय ना त्याची!" मी जर्मनमध्ये ओरडलो. लोक आणखी हसले.

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या काखेखालून जायचं, ही त्यांची रीत. तो उठला, गवत झटकलं, उजवा हात वर केला आणि थांबला. मी वाकलो आणि गेलो. तो हळूच म्हणाला, "भारी होता डाव. मला शिकवा." मनापासून म्हणाला. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मी तंबूच्या मागे जाकीट काढत होतो. पलीकडे तो आणि माझी मुलगी बोलत होते. कापडाच्या भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तू बाबांना नियम सांगितला नव्हतास?" त्याने जर्मनमध्ये विचारलं.

"सांगायला गेले होते."

"घरी आधी सांगायचा. तू तर मला सगळं सांगतेस."

ती म्हणाली, "एर फ्राग्ट मिश या नी." तो मला कधी काही विचारतच नाही. तक्रारीचा सूर नव्हता. घरचा पत्ता सांगावा तसं म्हणाली.

मी जाकिटाची एक बाही काढून तसाच उभा राहिलो. ती खोटं बोलत नव्हती, हे मला कळत होतं. आणि तरीही मनात पहिलं आलं ते हेच, की हे तिने त्याला सांगितलं, मला नाही.

परतताना ट्राममध्ये बायको खिडकीशी बसली, मुलगी माझ्या समोर. कपाळावर अजून धुळीचा पट्टा होता. मी ठरवलं, आता हिला काहीतरी विचारायचं. चार थांबे गेले. काय विचारावं, हेच मला सुचेना. त्या माणसाला लगेच सुचलं असतं.

"भूक लागली का?" मी शेवटी विचारलं.

"नाइन," ती म्हणाली.