पाण्याला भिणारी बोटवाली

लंकाबाई पाण्याला भिते. भंडारदऱ्याच्या धरणात मोटारबोट चालवणारी बाई पाण्याला भिते, हे सांगितलं की माणसं हसतात. मला हसू येत नाही. मी इथल्या उपकेंद्रात नर्स आहे. लसीची पेटी घेऊन पलीकडच्या वाड्यांवर जायचं तर तिच्याच बोटीतून जाते. बोट काठापासून सुटताना तिचा चेहरा कसा आक्रसतो ते मी हातभर अंतरावरून पाहिलेलं आहे.

तिचं माहेर संगमनेरच्या पठारावरचं. तिथे पाणी म्हणजे टँकर. लग्न होऊन इकडे आल्यावर ती म्हणे कितीतरी दिवस धरणाकडे पाठ करून भांडी घासायची. नवरा, सूर्यभान, पर्यटकांना बोटीतून फिरवायचा. एका वर्षी घर शाकारताना तो छपरावरून पडला आणि मणक्याने त्याला कायमचं घरात बसवलं. बोट दारात, चालवणारा खाटेवर. मग हीच उठली. पोहणं ती आजतागायत शिकली नाही. मी एकदा त्यावरून तिला चांगलंच फैलावर घेतलं, तर म्हणाली, "शिस्टर, पव्हायला आलं की भ्या जातं. आन भ्या गेलं की मीबी त्या पोरांवानी बोट पळवीन." अशा बाईशी वाद घालायचा तरी कसा? जॅकेटचा पट्टा लागल्याशिवाय तिची बोट हलत नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठा साहेब असो. वारा सुटला की बाकीचे बोटवाले मधून सरळ येतात, ही मात्र लांबच्या वाटेने काठाकाठाने येते.

बोटीखेरीज घराखालच्या काठाला तिची थोडी गाळपेर आहे. उन्हाळ्यात धरण ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात इथली माणसं पीक घेतात. ती भुईमूग लावते आणि रानडुकरांसाठी भोवती खांब रोवून तार ओढते. पाणी चढायच्या आत खांब-तारा काढून घ्यायच्या, हा नियमच. कुणाला जमलं नाही तर खांबाला दोरी बांधून तिच्या टोकाला रिकामा प्लास्टिकचा डबा सोडायचा. डबा पाण्यावर तरंगतो आणि बोटवाल्याला कळतं की खाली अडचण आहे. पाणी वाढेल तशी दोरीही वाढवावी लागते. यात जो हयगय करील त्याला धक्क्यावर नंबर मिळणार नाही, असं बोटवाल्यांनी बसून ठरवलेलं. नंबर नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही.

यंदा पाऊस लवकर आला. तिने भुईमूग कसाबसा उपटला, खांब राहिले. खांबांना तिने डबे बांधले आणि लेकीच्या बाळंतपणाला गेली. परत आली तेव्हा धरण भरलेलं. डबे कुठेच दिसेनात. दोऱ्या कुजल्या, डबे वाहून गेले, असं तिने धरलं. खांब आता खूप खोल गेले होते, तेव्हा भ्यायचं कारण नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं.

गणपती झाले, पावसाने उघडीप दिली आणि नगरहून माझा भाऊ योगेश, वहिनी शुभांगी आणि आई आले. योगेशला रतनवाडीपर्यंत अख्खी बोट हवी होती, त्यात परकं माणूस नको. मी लंकाबाईला सांगून ठेवलं. धक्क्यावर पोचल्यावर आई म्हणाली, "तुमी जा, मी हितंच बसते." लंकाबाईने तिच्या जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले आणि म्हणाली, "आई, मलाबी भ्या वाटतं. चला, दोघी मिळून भिऊ." आई हसली आणि बसली.

जाताना सगळं छान झालं. योगेशने इतके फोटो काढले की मीच वैतागले.

परतताना घाटघरच्या बाजूने वारा सुटला. पाण्याचा रंग बदलला आणि मागून लाटा यायला लागल्या. लंकाबाईने नेहमीप्रमाणे बोट काठाच्या अंगाला घेतली. मला बरं वाटलं. काठ दिसत होता, तिचं घरही दिसत होतं.

आणि एकदम बोटीला मागून हिसका बसला. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. बोट जागच्या जागी थांबली, कुणीतरी शेपटीला धरून ठेवल्यासारखी. पुढची लाट सरळ मागच्या बाजूने आत आली आणि आमचे पाय भिजले. त्यामागून दुसरी आली.

मी घाबरले. आईने माझं मनगट धरलं आणि ती त्रिशरण पुटपुटायला लागली. शुभांगी रडत होती. योगेशने फोन खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरला, त्याची मला जास्त भीती वाटली.

लंकाबाई मागे वाकली. इंजिनाच्या पंख्याला निळी नायलॉनची दोरी गुंडाळली होती, ताठ, सरळ खाली गेलेली, आणि दोरीबरोबर एक डबा अडकला होता. डबे वाहून गेले नव्हते. दोरी पुरली नव्हती म्हणून ते पाण्याखाली ओढले जाऊन उभे होते.

"माझीच हाय," ती म्हणाली. मी सगळ्यांत मागे होते, मला एकटीलाच ऐकू गेलं.

योगेशने सरकून इंजिन वर उचलायचा प्रयत्न केला. दोरी सैल होईना. कापायला बोटीत काही नव्हतं. लाट आली की पाणी वाढायचं, पाणी वाढलं की बोटीची मागची बाजू आणखी खाली जायची. आईच्या घोट्यांवर पाणी आलं होतं. जॅकेट घातलेलं असलं तरी एवढ्या लाटांत आई किती वेळ दम धरेल, हे नर्सला वेगळं सांगावं लागत नाही.

"समदी म्होरं सरका! खाली बसा, उभं राहू नगा!" लंकाबाई ओरडली. आम्ही आईला ओढत पुढे नेलं. तिने पेट्रोलची नळी उपसली आणि इंजिन बोटीला आवळून धरणारे दोन्ही स्क्रू फिरवायला लागली.

"अहो मावशी, इंजिन जाईल!" योगेश म्हणाला.

"जाऊ दे. बोट ऱ्हाती."

एक स्क्रू गंजलेला होता. ती दोन्ही हातांनी त्याच्यावर लोंबकळली. मोठी लाट आली, ती खांद्यापर्यंत भिजली, पण हात काढला नाही. मग इंजिन घसरलं आणि दोरी-डब्यासकट पाण्यात गेलं. बोट सुटली. वारा आम्हाला धक्क्याच्या दिशेने ढकलू लागला. लंकाबाई आणि योगेश वल्ही मारत होते, शुभांगी आणि मी जेवणाच्या डब्यांनी पाणी उपसत होतो. लंकाबाईचे दात वाजत होते. तिने मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

धक्क्यावर माणसं जमली. नंबर लावणारा भिमाजी पाण्यात उतरला आणि त्याने बोट ओढून घेतली.

"काय गं लंका, इंजिन कुठाय?"

ती बोलायच्या आत मी बोलले. "झाडाच्या खोडात अडकलं होतं." मी ते वाटेतच ठरवून ठेवलं होतं. आमचा जीव वाचवणाऱ्या बाईचं पोट माझ्या तोंडून मारलं जाऊ नये, एवढंच मला कळत होतं.

"बुडातली खोडं लई वंगाळ," भिमाजी हळहळला. "आमी समदी मिळून बघू इंजिनाचं. तू घाबरू नगं."

लंकाबाई वल्ही उचलून धक्क्यावर ठेवत होती. ती गप्प राहिली असती तर कुणालाही कधीही कळलं नसतं. आई तिच्या पाया पडायला वाकली, तशी ती मागे सरली.

तेवढ्यात शेजारच्या बोटीचं इंजिन सुरू झालं. बोटीत कॉलेजच्या मुली होत्या, गाणी म्हणत बसलेल्या. चालवणाऱ्या पोराने बोट वळवली आणि वारा फारच वाढल्यामुळे नेहमीसारखी मधून न नेता काठाच्या अंगाला घेतली.

लंकाबाई धावली. कमरेएवढ्या पाण्यात शिरून तिने त्या बोटीचा काठ धरला.

"बंद कर! माझ्या रानाकडनं जाऊ नगं! खोड न्हाई ते, माझी दोरी हाय. चारी कोपऱ्यांवर बांधल्यात. आजून तीन हायेत पान्याखाली."

इंजिन बंद झालं. मुलींची गाणी थांबली. भिमाजीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मंग तुला नंबर न्हाई मिळायचा, लंका," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

"नगं देऊ," ती म्हणाली. "आदी ह्या पोरी उतरव."

मुली एकेक करून उतरल्या. शेवटची मुलगी जमिनीवर पाय टेकेपर्यंत लंकाबाईने बोट सोडली नाही.