जा गं, पाणी भरून आण

एकही काम पुरं न करता दिवसभर राबायचं कसं, हे पाहायचं असेल तर दहिवलीला येऊन आमच्या शेजारणीला पाहावं. अख्ख्या कर्जत तालुक्यात तिला तोड नाही. गॅसवर दूध ठेवून ही कढीपत्ता तोडायला परसात जाते, तिथं तिला वाळलेले कपडे दिसतात, ते काढताना तुटलेलं बटण दिसतं, म्हणून सुई मागायला माझ्याकडे येते आणि सुई विसरून तासभर गप्पा मारते. वास आला की मीच ओरडते, "अगं बये, दूध!" एकदा बाजारातून भाजी घेऊन आली, लेकीला मात्र भाजीवालीकडेच विसरली. "गप बसली व्हती, मंग ध्यानात कशी राहील?" म्हणाली. हसून हसून पोट दुखलं माझं. जीव लावावा अशी बाई, पण सासूची बोलणी रोज खाते.

आठ वर्षांची लेकही आईवरच गेलीय. वह्या हरवते, गणित अर्ध्यावर सोडते, हाक मारली तर तिसऱ्यांदा वळून बघते. सासूनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, बापानं हात उगारला. शेवटी ही कुणाचं न ऐकता पोरीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परतली ती थेट माझ्या ओट्यावर. "बाई, डाक्टर इचारत गेले, वस्तू हरवते का, मधेच उठते का, नि मी हो हो म्हणत गेले. मंग कळलं, मी पोरीचं नाय, माझंच सांगतेय!" हसली, आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टर म्हणाले होते, हा आळस नाही, खोडी नाही. पोरीचं लक्ष एका जागी ठरत नाही, तिला मदत हवी, मार नको.

मी पूर्वी गावच्या शाळेत शिक्षिका होते. ही शेजारीण लहानपणी माझीच विद्यार्थिनी. वर्गात तिला स्वस्थ बसवत नसे. मारणं मला कधी जमलं नाही, म्हणून गणिताचा तास सुरू झाला की मी म्हणायचे, "जा गं, पाणी भरून आण." ती उड्या मारत जायची. मला वाटायचं, मी किती समजूतदार! वर्षभर माठ भरलेला, आणि पोरगी गणितात कोरी. सातवीत नापास झाली, शाळा सुटली.

"पोरीच्या शाळेतल्या बाईंना तुमी सांगाल का? तुमचं ऐकतील," ती म्हणाली.

"उद्याच जाऊ," मी म्हटलं.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, "बाई, तवा कुणाला कळलं असतं, तर मी शिकले असते का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हणाले. नाही म्हणून खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.