कमळू बारकू नाईक

शहापूरच्या धर्मादाय दवाखान्यात माधुरी कॉम्प्युटरवर बसायला लागली तेव्हा तिथं काळ्या पडद्याचा डॉस प्रोग्राम होता. त्यात नावाला एकच रकाना. अर्ध्या गावाचं आडनाव एकच, ते टाइप करण्यात काय हशील? म्हणून त्यांचं ती नाव आणि बापाचं नाव एवढंच लिही, बाकीच्यांचं आडनावही; आणि ज्याला पेनिसिलिन सोसत नसे त्याच्यापुढं 'नाय' एवढंच ठोकून मोकळी होई. माणसं सांगायचीच तशी, ती सुई आमाला नाय चालत. जुन्या डॉक्टरांना तो 'नाय' पाठ होता.

दोन हजार तीन साली शहापूर आणि मुरबाडचे दवाखाने नेटवर्कनं जोडायचं ठरलं. जुन्या प्रोग्रामला नेटवर्क कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या फाइली नव्या मशीनवर उघडल्या की मराठीचा नुसता चिवडा दिसे. कल्याणच्या इंजिनिअरनं खपून सगळं नव्या फॉन्टात आणलं. मध्ये त्याचा फोन आला होता. काही आडनावं जुन्या रकान्यात मावली नसावीत, अर्धवट तुटलीत, पूर्ण करू का? समोर पेशंटची रांग. माधुरी म्हणाली, करा.

सोमवारी नवं चालू झालं. नाव, वडील, आडनाव, तीन सुबक रकाने. माधुरी खूश. सहज म्हणून तिनं शेजारणीचं नाव काढलं. गिरजा वाळू नाईक. गिरजा तर निचिते! माधुरीला हसू आलं आणि तिथंच थिजलं. 'नाय'चा नाईक झाला होता, आणि एकट्या गिरजेचा नव्हे, सगळ्यांचा.

शहापूरला निदान ती होती. मुरबाडचे डॉक्टर नवे, पडद्यावर दिसेल तेच खरं मानणारे. तिनं तिकडची आजची नावं उघडली. कमळू बारकू नाईक, पायाला जखम, पुढं पेनिसिलिन. मागं याच सुईनं कमळू म्हाताऱ्याचा श्वास कोंडलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता. तिनं फोन ओढला.

मुरबाडचा फोन लागेना. लागणार कसा? तिथली एकुलती लाइन नेटवर्कनंच धरून ठेवलेली. माधुरीनं कुणाला न विचारता मोडेमची वायर उपटली आणि पुन्हा नंबर फिरवला. सिस्टरनं उचलला.

"कमळू नाईक? दोनदा पुकारला. कोणी उठलाच नाय."

"कमळू बारकू म्हणून हाक मारा. आणि सुई देऊ नका, त्यांना सोसत नाय."

थोड्या वेळानं फोनवर म्हाताऱ्याचा कावलेला आवाज आला. "माधुरीताय, सकाळधरनं बसलोय. त्या नाईकाला हाका मारतात, तो मेला येत नाय नि माझा नंबर लागत नाय."

माधुरी हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून, कुणापुढं खरा 'नाय' होता ते जुळवायला तिनं कोपऱ्यातलं जुनं मशीन लावलं. नाईक अजून पुष्कळ होते, आणि त्यांतले काही खरेच नाईक होते.